विचार करून ठेवते

तुमच्या मुलीने उद्या सांगितलं, मला चिखलात सायकल चालवायचीय, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा, उगाच समजूतदार चेहरा करू नका. आधी म्हणाल, कशाला. मग म्हणाल, अभ्यासाचं काय. आणि सगळं बोलून झाल्यावर पहिल्यापासून पोटात होतं ते बाहेर येईल, की चारचौघांत सांगायचं काय.

आपल्या नागोयाच्या नंदिनी पानसेने यातलं काही केलं नाही. तिने बादली आणली.

बादली, जुने टूथब्रश आणि नवऱ्याचा फाटका बनियन. कारण चिखलाने लडबडलेली सायकल सातव्या मजल्यावर न्यायची तर लिफ्टमधून न्यावी लागते, आणि लिफ्टमध्ये चिखलाचा एक ठिपका पडला की दुसऱ्या दिवशी तिथे कागद चिकटवलेला असतो. ‘आपण सर्वांनी मिळून लिफ्ट स्वच्छ ठेवूया’, आणि शेजारी वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र. नाव कुणाचंच नाही. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये चिखलाची सायकल एकच, तेव्हा ‘आपण सर्व’ म्हणजे कोण, हे सशालासुद्धा ठाऊक होतं. म्हणून नंदिनी खाली पार्किंगच्या नळाशी बसून आधी सायकल धुवायची आणि मग मुलगी.

मुलगी म्हणजे कौमुदी. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. चार वर्षांची असताना पुण्याहून इथे आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत देते. चिडली की मात्र मराठीत, कारण चिडायला ती आईकडूनच शिकली. तिच्या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. हिवाळ्यात नदीकाठच्या मैदानावर दोऱ्या बांधून वेडावाकडा मार्ग आखतात, गवतातून, वाळूतून, चिखलातून. मध्येच आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची, पळायचं, पुन्हा टांग मारायची.

“हे सायकल चालवणं आहे, की सायकलीला कडेवर घेऊन पळणं?” नंदिनीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

“दोन्ही,” कौमुदी म्हणाली होती, आणि तोंडातली माती थुंकली होती.

नंदिनी मूळची सिंहगड रोडची. बी.कॉम. होऊन एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसत होती. नवऱ्याला, सत्यजितला, गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर नागोयाला पाठवलं ते दोन वर्षांसाठी. त्या दोन वर्षांची पंधरा झाली. आधी ती घरात बसून होती. दारावरची बेल वाजली की श्वास रोखून उभी राहायची, बाहेरचा माणूस जाईपर्यंत. मग एक दिवस स्वतःचाच राग आला आणि ती स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम कामाला लागली. जपानी ती तिथेच शिकली. डबा गरम करू का, पिशवी हवी का, थांबायला लावलं माफ करा. सगळं मऊ, सगळं वाकून. त्या जपानीत माणसाला मान देता येतो, भांडता येत नाही.

व्याकरण सत्यजितने शिकवलं, जेवणाच्या टेबलावर. “हे बघ, क्रियापदाला ‘ओकु’ लावलं की आपलं ‘करून ठेवणं’ होतं. भाजी चिरून ठेवते. भात लावून ठेवते. सेम टू सेम.” नंदिनीला ते फार आवडलं होतं. एवढ्या परक्या भाषेत एक कोपरा अगदी आपल्या ओट्यासारखा निघाला. ती दिवसभर दुकानात सगळ्या क्रियापदांना ‘ओकु’ लावत फिरायची आणि कुणी चूक काढत नसे.

आता रस्त्यावरच्या शर्यतींचं प्रकरण सांगायला हवं, कारण जीव टांगणीला लागला तो तिथे.

कौमुदीने एकदा आईला मोबाइलवर बेल्जियममधली शर्यत दाखवली. नंदिनी बघतच राहिली. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडला असते तेवढी गर्दी, आणि कशासाठी, तर चिखलात उभं राहून चिखलातल्या सायकली बघायला. तेही तिकीट काढून. टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आजोबा नातवाला खांद्यावर बसवून कुणाचं तरी नाव घेऊन ओरडतायत. आणि इथे? इथे सायकलची शर्यत म्हटली की लोकांना ठाऊक आहे केइरिन, ती बंद ट्रॅकवरची, जिच्यावर पैसे लावायला म्हातारे कानाला पेन्सिल अडकवून बसतात. नदीकाठच्या चिखलाला बघायला कोण येतं? ज्यांची शर्यत झाली ते, आणि ज्यांची व्हायचीय ते. बाकी कुत्रा फिरवायला आलेला एखादा माणूस, तोही कुत्रं थांबलं म्हणून थांबलेला. आपल्या लोकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे दहावी झाली की सायकल सुटते, आणि मग आयुष्यभर सांगत फिरायचं की आम्ही शाळेत सायकलने जायचो. एका देशात जो खेळ घराघरांत पोचलाय तो दुसऱ्या देशात कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि त्यात पोरांचा काही दोष नसतो.

“पण तिथलेसुद्धा काही जण चिखल सोडून रस्त्यावर जातात,” कौमुदी म्हणाली.

“का? एवढी माणसं बघायला येतात ना?”

“आई, हे फक्त हिवाळ्यात. ऑलिंपिकमध्ये नाही. मोठ्या टीम सगळ्या रस्त्यावर. चिखलात तोल शिकायचा, वळणं शिकायची, आणि मग रस्त्याने बोलावलं की जायचं. आणि माझा पासपोर्ट भारताचा. जपानच्या राष्ट्रीय शर्यतीत मी नाही. भारतात चिखलाची राष्ट्रीय शर्यत मला तरी सापडली नाही, रस्त्याची आहे. रस्त्यावर गेले तर निदान कुठल्यातरी देशाची होईन.”

शेवटचं वाक्य ती हसत, जपानीत बोलली. नंदिनीला हसू आलं नाही.

तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच होतं. चिखलात पोरगी पडली की उठून हसते, हे तिने कितीदा पाहिलं होतं. रस्त्यावर चिखल नसतो. बोटभर रुंद चाकांवर, खांद्याला खांदा लावून, डोंगराच्या उतारावरून गाडीच्या वेगाने खाली. एकदा तिने चोरून तसला एक व्हिडिओ पाहिला. एक पडली आणि तिच्यावर मागच्या सगळ्या. नंदिनीने फोन उलटा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

“तू घाबरतेस का गं?” कौमुदीने विचारलं होतं.

“छे. मी कशाला घाबरू?”

गिफूच्या बाजूला मुलींची एक रस्त्यावरची टीम आहे. लहानशीच, एका नूडल्सच्या कारखान्याच्या आधारावर चाललेली. कुरोदा-सान, म्हणजे कुरोदाबाई, ती चालवतात, स्वतः एकेकाळच्या खेळाडू. त्यांच्याकडे एक जागा मोकळी झाली होती आणि त्यांनी कौमुदीला चिखलात पाहिलं होतं. कायद्याने मुलगी सज्ञान. पण कुरोदा-सान जुन्या वळणाच्या, घरी विचारल्याशिवाय मुलीला घेत नाहीत. कौमुदीने आईचा नंबर दिला. “फोन येईल. नीट बोल हं आई. दुकानातल्यासारखं नको.”

फोन आला तेव्हा नंदिनी खरंच भाजी चिरत होती. हात पुसून तिने तो दोन्ही हातांनी धरला. कुरोदा-सान फार अदबीने बोलल्या. मुलीच्या तोलाचं कौतुक केलं, जबाबदारी आमची म्हणाल्या, आणि शेवटी विचारलं की आई म्हणून आपलं काय मत. नंदिनीच्या घशात उतार आला, वळण आलं, एकावर एक पडलेल्या पोरी आल्या. हो म्हणवेना. नाही तर म्हणायचंच नव्हतं. मग तिने आपल्याजवळचं सगळ्यात नीटस जपानी काढलं. “कांगाएते ओकिमास.” तोच ‘ओकु’, अदबीच्या रूपात. विचार करून ठेवते.

मग कुरोदा-सान म्हणाल्या, “असं होय. समजलं. मुलीच्या वाटचालीला शुभेच्छा.” आणि फोन ठेवला.

नंदिनीला बरं वाटलं. एकही अडखळ नाही. विचाराला वेळही मिळाला.

रात्री जेवताना तिने ते सांगितलं, थोडं मिरवूनच. सत्यजितचा घास हातात राहिला.

“नक्की काय म्हणालीस?”

“कांगाएते ओकिमास.”

“संपलं.” त्याने घास ताटात ठेवला. “नंदू, त्याचा अर्थ नाही असा होतो.”

“काहीतरी बोलू नकोस. विचार करून ठेवते, यात नाही कुठे आलं?”

“कुठेच नाही. पण होतो. आमच्या ऑफिसात क्लायंट असं म्हणाला की आम्ही फाइल बंद करतो. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की हे म्हणतात.”

“तूच शिकवलंस ना? भाजी चिरून ठेवते. सेम टू सेम. मी भाजी चिरून ठेवते म्हटलं की भाजी चिरलेली असते, सत्यजित. आजवर कधी नव्हती?”

“अगं, व्याकरण शिकवलं. माणसं कशी शिकवणार?”

“मग व्याकरण कशाला शिकवलंस?”

दोघांनीही एकदमच कौमुदीकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. वर न बघता तिने एकच शब्द विचारला, “वाझातो?” म्हणजे, मुद्दाम?

आता बघा, नंदिनीने ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. चूक झाली होती, भाषेची, प्रामाणिक. पण तिचं तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. कारण फोन ठेवल्यावर बरं वाटलं होतं, ते नेमकं कशाचं, हे तिलाच कळेना. कौमुदीने उत्तराची वाट पाहिली, जेवढी पाहायची तेवढी. मग ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं असतं तर नंदिनीला सोपं गेलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. कौमुदी बोलत होती, पण हॉटेलातल्या वेटरशी बोलावं तसं. नंदिनीने कुरोदा-सानना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग वाटलं, जास्त लावला तर वेडी समजतील, आणि न लावला तर नाही ते नाहीच. सत्यजित म्हणाला, ईमेल लिहितो, पण माफीचं ईमेल कसं सुरू करायचं हे ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून घेतो, बघू.

“बघू म्हणजे जपानी बघू का मराठी बघू?” नंदिनीने विचारलं. त्याने लॅपटॉप उघडला.

दुकानात तिचे हात चुकायला लागले. आइस्क्रीम तिने मायक्रोवेव्हपर्यंत नेलं. दुकानाच्या मालकीणबाई मोरी-सान, साठी उलटलेल्या, त्यांनी तिला मागे बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना? नंदिनीने सगळं सांगितलं. मोरी-सान तोंडावर हात ठेवून हसल्या, आणि हसून झाल्यावर म्हणाल्या, “गेल्या वर्षी मी विचारलं होतं, नवीन वर्षाच्या सुट्टीत काम कराल का. तेव्हा तुम्ही मलाही हेच म्हणाला होतात.”

“हो. आणि मग तुम्ही मला बोलावलंच नाही. मी वाट बघत होते.”

“मी म्हटलं, बिचारीला नको असेल.”

नंदिनीला हसावं की रडावं कळेना. पंधरा वर्षांत आपण आणखी कुणाकुणाला नाही म्हणून आलोय, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. शाळेतल्या बाईंना? शेजारणीने चहाला बोलावलं होतं, तिला? ती शेजारीण पुन्हा कधी बोलली नाही, ते चिखलामुळे नव्हे तर.

“आता काय करू?” तिने विचारलं.

“ते मला माहीत नाही,” मोरी-सान म्हणाल्या. “पण फोनवर नका बोलू. तुमचं जपानी फोनवर फार चांगलं वाटतं. तोच घोटाळा आहे.”

रविवारी किसो नदीच्या काठी शर्यत होती. कुरोदा-सान तिथे येणार, एवढं कौमुदीच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. कौमुदी पहाटेच निघून गेली होती, आईला न सांगता. नंदिनी मागून ट्रेनने गेली आणि स्टेशनपासून चालत. बांधावर चढली तेव्हा खाली मुलींची शर्यत सुरू झालेली. रात्री पाऊस पडून गेला होता. बघणारे मोजून तीस-चाळीस. करी-भाताचा एक स्टॉल, त्याच्यासमोर रांगसुद्धा नाही.

कौमुदी तिसरी होती. निसरड्या चढावर पुढच्या दोघी उतरून ढकलत होत्या आणि ही पॅडलवरच उभी राहून, मागचं चाक घसरत असताना, इंच इंच वर येत होती. वर पोचली आणि तिला आई दिसली. नजर एक क्षण थांबली. पुढच्याच वळणावर ती आडवी झाली, धाडकन, दोरीत हँडल अडकवून. माझ्यामुळे पडली, तिला वाटलं. एक मागची पुढे गेली. कौमुदी उठली, हँडल सोडवलं, पळत निघाली. या वेळी हसली नाही.

कुरोदा-सान लांब काळ्या कोटात, छातीशी हात बांधून उभ्या होत्या. नंदिनी सरळ त्यांच्यापुढे गेली. ट्रेनमध्ये बसून पाठ केलेली सगळी माफीची वाक्यं ऐन वेळी पळून गेली. मग ती जे जपानी सुचेल ते बोलली, मोडकं, मान न देणारं, लहान मुलाचं असतं तसं.

“मी कौमुदीची आई. त्या दिवशी मी नाही म्हटलं नव्हतं. आमच्या भाषेत विचार करून ठेवते म्हणजे खरंच विचार करते. मला माहीत नव्हतं. माफ करा. पण,” ती थांबली. “पण मी घाबरतेसुद्धा. रस्ता भीतीचा आहे. मी हो म्हटलं नाही कारण मी घाबरले. तिला जायचंय. मी घाबरते, आणि तिला जायचंय. दोन्ही खरं आहे.”

खाली कुणीतरी फळीवर ठेचकाळलं, सायकल खडखडली.

“मी नंतर दुसऱ्या एका मुलीच्या घरी फोन केला,” त्या सावकाश म्हणाल्या, नंदिनीला कळावं म्हणून. “तिच्या आईनेही अगदी तेच उत्तर दिलं. फरक इतकाच, की त्यांना ते तसंच म्हणायचं होतं.”

नंदिनीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कुरोदा-सानच्या ओठांचा कोपरा हललेला होता.

“म्हणजे जागा आहे?”

“आहे. पण मला आज उत्तर हवं. हो किंवा नाही. तिसरं काही नको.”

नंदिनीने नदीकडे पाहिलं. उतार काही डोळ्यांसमोरून गेला नव्हता. तिने मान खाली घातली, वर केली. “हो,” ती म्हणाली. “न्या तिला.” आणि मग, मोरी-सानच्या दुकानात चालणार नाही अशा आवाजात, “पण ती पडली तर मला आधी सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी.”

“पडेल,” कुरोदा-सान म्हणाल्या. “सगळ्या पडतात. सांगेन.”

शर्यत संपल्यावर कौमुदी चिखलाचा गोळा होऊन आली. तिने दोघींना बोलताना बघितलं होतं, चेहरा पांढरा पडला होता, जेवढा दिसत होता तेवढा. कुरोदा-साननी तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि निघून गेल्या. कौमुदी सायकलला धरून उभी राहिली.

“तू विचारलं होतंस ना, मुद्दाम का,” नंदिनी म्हणाली. “अर्धं.”

कौमुदीने नाक पुसलं, त्यामुळे आणखी चिखल लागला. “अर्धं,” ती मराठीत म्हणाली. “बघ हं आई. अर्धं मुद्दाम म्हणजे पूर्ण मुद्दामच असतं.”

“असेल. बाकीचं अर्धं तुझ्या बाबाने शिकवलेलं.”

मग मात्र ती हसली, आणि नंदिनीने तिच्या कोपराकडे बघितलं. सोललं होतं. एवढंसंच. नंदिनी ते बघत राहिली, जणू पुढच्या सगळ्याचा अंदाज तिथे लिहिलेला होता.

मार्चपासून कौमुदी रस्त्यावर आहे. कॉलेजच्या आधी, उजाडता उजाडता, कुरोदा-सानच्या मुली गिफूकडच्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर सराव करतात. नंदिनीची सकाळची ड्युटी असते. काउंटरवर डबे गरम करताना तिचा फोन एप्रनच्या खिशात असतो, आणि तो थरथरला की तिचा हात आधी थिजतो, मग खिशात जातो. आजवर प्रत्येक वेळी तो सत्यजितचा असतो, डबा विसरला म्हणून. ही भीती जाईल असं तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि तिनेही कुणाला विचारलेलं नाही.

नागोयाच्या मराठी मंडळींनो, तुमच्यातले निम्मे लोक इथे गाड्यांच्या धंद्यात आहेत आणि बाकीचे निदान गाडी चालवतात. ऑफिसला उशीर झालेला असतो, मीटिंग असते, पुढे वळण असतं आणि वळणावर सायकलवरची एक पोरगी असते, डाव्या कडेला, मान खाली घालून. तुम्हाला घाई असते, मला माहीत आहे. तरी त्या वेळी हॉर्न वाजवू नका. जरा मागे थांबा, समोरचा रस्ता मोकळा होऊ द्या, आणि तिच्यापासून लांबून, हळू पुढे जा. एवढं कराच.